रेवदंडा 1521, कोर्लई 1594: एवढा उशीर का?

आगरकोट_वाट: अलिबागजवळचे रेवदंडा आणि कोर्लई हे किल्ले एका दिवसात करायचा बेत आहे. एक कोडं सुटत नाही. कुंडलिका नदीच्या मुखावर हुकमत ठेवायची तर डोंगर आधी धरायला हवा. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये सपाट पुळणीवर कोट बांधायला घेतला आणि समोरचा कोर्लईचा डोंगर थेट 1594 मध्ये घेतला. असं का?

निजामशाही_नोंदी: कारण डोंगर त्यांना कुणी देतच नव्हतं. 1516 ला चौल बंदरात पोर्तुगीजांची वखार झाली. 1521 ला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं किल्ल्याची परवानगी दिली, ती घोड्यांपायी. समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना चाले आणि त्याला चौलला घोडे उतरवून हवे होते. जागा मात्र दिली खालच्या चौलाची, म्हणजे रेवदंड्याची. वरचं चौल त्यानं स्वतःकडेच ठेवलं. पुढे कोर्लईचा वाद निघाला तेव्हा तिथं दोघांपैकी कुणीच तटबंदी करायची नाही, असं ठरलं. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानं ते मोडून डोंगरावर तोफा चढवल्या. रेवदंडा आयताच माऱ्यात आला. मग 1594 चा हल्ला टळणं शक्यच नव्हतं.

डोल_खांब: यात 1508 ची चौलची लढाई जोडा, पोर्तुगीज विरुद्ध इजिप्त-गुजरातचं आरमार. ही खाडी किती अडचणीची आहे ते पोर्तुगीजांना तेव्हाच कळलं होतं. पोर्तुगीज कप्तान लोरेन्सो द आल्मेदाच्या जहाजाला पाण्याच्या पातळीजवळ गोळा लागला, आत पाणी भरलं आणि जड झालेलं जहाज कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांत अडकलं. सोबत्यांना ते ओढून काढता आलं नाही, लोरेन्सो तिथंच मारला गेला. त्याच्या बापानं, व्हाइसरॉय फ्रान्सिस्कोनं, फेब्रुवारी 1509 ला दीवच्या लढाईत उट्टं काढलं. उलट 1570-71 च्या वेढ्यात रेवदंडा तगला, कारण निजामशाही फौज जमिनीच्या बाजूनं होती आणि समुद्रातून माणसं, रसद येत राहिली. बंदर मोकळं असेपर्यंत डोंगराशिवाय भागत होतं, एवढाच याचा अर्थ.

साळाव_पूल: बेताबद्दल: आधी कोर्लई करा, उन्हाच्या आत. वर सावली नावालाच, प्यायचं पाणी सोबत न्या. दीपगृहाच्या बाजूनं वाट चढते. किल्ला लांबट, चिंचोळा आहे आणि आडव्या भिंतींनी तोडलेला. एक भाग पडला तरी पुढचा दरवाजा लढवता यावा, म्हणून ही रचना. पडक्या चर्चजवळ थांबाच. मग साळावच्या पुलावरून रेवदंड्याला या. तिथला सातखणी हा टेहळणी बुरूज म्हणून दाखवतात; मुळात तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. पडझड मोठी आहे, भिंतींवर चढू नका.