१२ लाखांची करसवलत: पदरात कोणाच्या काय पडलं?

घोडबंदरकर
२०२५च्या अर्थसंकल्पात आयकराच्या नव्या प्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) १२ लाखांपर्यंत कर शून्य झाला. पगारदारांना ७५ हजारांच्या वजावटीसकट पावणेतेरा लाख. सोसायटीच्या ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. पण वागळे इस्टेटमधला महिना साठ हजारवाला सुपरवायझर घ्या. त्याला आधीच्या वर्षीही शून्यच कर होता, पावणेआठ लाखांपर्यंत सूट होतीच. त्याचा फायदा किती? शून्य. आणि ४० लाख करपात्र उत्पन्नवाल्याचे सेससकट (करावरचा उपकर) १ लाख १४ हजार ४०० वाचले. याला मध्यमवर्गाची सवलत म्हणायचं?

ऐरोली_नाईटशिफ्ट
अर्धाच हिशेब मांडलात. तो ४० लाखवाला अजूनही आठ लाखांच्या वर कर भरतोय. पावणेतेरा लाखवाल्याचे ८३ हजार २०० वाचले, म्हणजे त्याचा अख्खा कर गेला. खरा दिलासा त्यालाच. ऐरोलीत दोन खोल्यांचं भाडं आणि पोराची फी भरून बघा, मग सांगा तो श्रीमंत आहे का.

घोडबंदरकर
श्रीमंत कोण म्हणालं? पण सरकारने सुमारे १ लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडलं, ते आयकर भरणाऱ्यांसाठी. देशात आयकर भरणारे आहेतच किती!

एपीएमसीवाला
हाच मुद्दा. आमच्या मार्केटातल्या माथाड्याला ही सवलत कळलीसुद्धा नाही. २२ सप्टेंबर २०२५ला अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तो फायदा त्याच्या घरी पोचला. म्हणजे दुकानदाराने किंमत उतरवली तिथे पोचला. कर कमी करायचाय तर असा करा.

ऐरोली_नाईटशिफ्ट
मग आमचे वाचलेले पैसे कुठे जातात? तुमच्याच बाजारात ना?

एपीएमसीवाला
माझ्या गाळ्यावर तरी नाही आले हो. तुम्ही काय केलंत त्या पैशांचं?

ऐरोली_नाईटशिफ्ट
होमलोनचं प्रीपेमेंट.

कोपरखैरणे_सेक्टर
म्हणजे बँकेत! त्यात अजून एक मेख आहे. राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते, विमा-पीपीएफसारख्या बचतीवरची ८०सीची वजावट पण तिथेच. आणि जुन्या प्रणालीचे दर तसूभरही हलले नाहीत. घर, विमा, पीपीएफ असं सगळं बांधून बसलेल्यांनी आधी दोन्हीकडचा कर काढून बघावा. आमच्या सीएने काढला, आमचं जुनंच स्वस्त निघालं. त्यामुळे पेढ्यांचं आम्हाला विचारू नका.