वेंगुर्ल्यातली बंद काजू फॅक्टरी कलाकारांसाठी घ्यायची आहे: आधी करार की आधी छप्पर?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ एक काजू फॅक्टरी बरीच वर्षं बंद आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलांच्या दोन शेड आणि सिमेंट पत्र्याची एक, मिळून साधारण ६००० चौरस फूट. मालकी भावकीची, सातबाऱ्यावर पंधराएक नावं, त्यातली निम्मी मुंबईत. लाकडी खेळणीवाले, कुंभार, चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) करणारे, स्क्रीन प्रिंटिंगवाले आणि एक दशावतारी मंडळी, असे सगळे तिथे बसावेत असा आमच्या गटाचा विचार आहे. मालक अकरा महिन्यांच्या लायसन्सला (लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी) तयार आहेत. सुरुवात मोठ्या महोत्सवाने करावी असं बहुतेकांचं म्हणणं. कशाला आधी हात घालावा? भाडं कसं ठरवावं?

पट्टेदार
महोत्सव बाजूला ठेवा. कोची बिनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) २०१२ पासून फोर्ट कोची-मट्टनचेरीच्या जुन्या वखारींमध्ये भरतं, पण ते प्रदर्शन आहे आणि पाऊस टाळून भरतं. तुम्हाला जुलैतही खराद (लाकूड कातायचं यंत्र) चालवायचाय. ही दोन वेगळी कामं आहेत.

आधी करार, आणि तो लायसन्सचा नको. सुखाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे जागा विकली गेली की नवा मालक जुन्या लायसन्सने बांधील राहत नाही. म्हणजे तुम्ही छप्पर दुरुस्त करायचं, जागेला नाव मिळवून द्यायचं, आणि भाव वाढला की बाहेर. नोंदणीकृत भाडेपट्टा मात्र खरेदीदारावरही चालतो. एक वर्षाच्या वर मुदत असेल तर नोंदणी सक्तीचीच आहे. किमान ९ वर्षं मागा. त्यात भाडेवाढीचा दर आणि विक्री झाल्यास पहिला हक्क तुमचा, हे दोन्ही लिहून घ्या. सह्या सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या हव्यात, मुंबईकरांची नोंदणीकृत मुखत्यारपत्रं चालतील. एक चुलतभाऊ सुटला तरी उद्या तोच वाटपाचा दावा लावतो.

मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते कोकणातल्या घराघरात ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियमात गिरणीच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश पालिकेला आणि म्हाडाला जायचा होता. २००१ मध्ये ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती आली आणि हिस्सा आक्रसला. हेतू कितीही चांगला असो, कागदावरचा एक शब्द बदलला की जागा जाते.

करार गटातल्या कुणा एकाच्या नावावर घेऊ नका. नोंदणीकृत संस्था करा, पट्टा तिच्या नावावर, आणि तिने गाळे पुढे द्यायचे. पोटभाड्याची परवानगी मूळ पट्ट्यातच लिहून घ्या. खाडी जवळ असेल तर सीआरझेड (किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेलं क्षेत्र) आधी तपासा. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर, किंवा खाडी त्याहून अरुंद असेल तर तिच्या रुंदीइतकं अंतर धरतात. तेवढ्या अंतरात नवी शेड वाढवायचा विचारही नको.

चिरेबंदी
करारावर सही करण्याआधी एकदा जमिनीवर हात फिरवून बघा. काजूच्या टरफलाचं तेल कोब्यात मुरलेलं असतं: काळपट, चिकट, आणि कातडीला लागलं तर फोड आणणारं. त्यावर रंग किंवा एपॉक्सी धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. भाजणीच्या ड्रमची आणि टरफलं फोडायची जागा शोधा. तिथला वरचा थर पूर्ण खरवडून नवा कोबा टाका. हातमोजे रबरी घाला, कापडी नकोत. तो मलबा जाळायचा नाही, धूर डोळ्यांना झोंबतो.

कौलं एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात. जुन्या कौलांवरचा छाप वाचा आणि त्याच छापाची शिल्लक शोधा. वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळत नाही आणि तिथूनच गळतं. दहा टक्के जादा ठेवा. शाकारणी मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपलीच पाहिजे, मृगावर भरवसा ठेवू नका. वासे आणि रीपा वाळवीसाठी टोकाकडून टोचून पाहा, मधे लाकूड ठणठणीत दिसतं आणि भिंतीत शिरलेलं टोक पोकळ निघतं.

सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असणार हे धरूनच चाला. भोक पाडणं, कापणं, फोडणं बंद. काढायचेच झाले तर ओले करून, अख्खेच्या अख्खे. जांभ्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू नका. ओल आतच राहते, चिरा भुसभुशीत होतो. चुन्याचा गिलावा करा. खिळे-बोल्ट साधे नकोत, खाऱ्या वाऱ्यात गंजतात.

अर्थिंग जांभ्यात नेहमी अवघड. ऑगस्टमध्ये खड्ड्याचा रोध मोजला तर छान आकडा येतो आणि मे महिन्यात तोच खड्डा निकामी असतो. म्हणून मोजणी मे महिन्यातच करा, दोन खड्डे घ्या, प्रत्येक गाळ्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

खाडीकाठ
दोघांचेही आभार. भाड्याचा हिशेब मात्र अजून कळला नाही. शेजारच्या गाळ्यांचा दर बघायचा का?

पट्टेदार
नाही, खर्चावरून या. समजा मालकाचं भाडं, शाकारणी, विमा, राखणदार, घरपट्टी आणि दिवे मिळून वर्षाला ९ लाख. ६००० फुटांतून वाट, माल उतरवायची जागा आणि संडास वगळले की वापरायला सुमारे ४००० उरतात. सगळे गाळे कायम भरलेले नसतात, ८५ टक्के धरा: ३४०० फूट. म्हणजे फुटाला वर्षाला २६५, महिन्याला २२ रुपये. इथे बहुतेक गट ६००० ने भागतात, दर साडेबारा रुपये काढतात आणि दुसऱ्याच पावसाळ्यात छपराला पैसा उरत नाही. वीज यात धरू नका. प्रत्येकाला सबमीटर द्या, कारण कुंभाराची विजेची भट्टी ६ ते ८ किलोवॅट खाते आणि चित्रकथीवाल्याला दोन दिवे पुरतात. शाकारणीचा पैसा वेगळ्या खात्यात, त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही.

रंगपट
गाळे वाटताना वाऱ्याची दिशा बघा. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणून लाकडाचा भुसा आणि स्प्रेचा रंग ईशान्य टोकाला. थिनर आणि भट्टी एका छपराखाली नकोच. चित्रकथीचा कागद जमिनीपासून हातभर वर आणि भिंतीपासून सुटा ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत बुरशी.

दशावतारी मंडळींना तालमीची जागा द्या, रात्रभराच्या प्रयोगाची नको. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस जिल्ह्यात आधीच ठरलेले असतात. तालीम संध्याकाळी ६ ते ९, खेळणीवाल्यांची यंत्रं थांबल्यावर. पखवाज आणि कटर एकाच वेळी चालू असले तर दोघांचंही काम होत नाही. मुखवटे-पोशाखाच्या पेट्यांना कुलुपाची खोली द्या आणि तालमीच्या जागेचं भाडं निम्म्या दराने लावा, कारण दिवाळीनंतर मंडळी जत्रांना बाहेर पडली की ती महिनोन्‌महिने रिकामी राहते. ती तेवढ्या काळापुरती दुसऱ्या कुणाला द्यायची मुभा त्यांच्याच करारात लिहा.