किती सरकलं नव्हे, वेग किती वाढला
दरड कोसळण्याआधी लोकांना सावध करणारा भोंगा कशावरून वाजवायचा, यावर काहीजण पर्जन्यमापकाची बाजू घेतात, तर काहीजण उताराची हालचाल मोजायला सांगतात. 'उतार ठरावीक मिलिमीटर सरकला की भोंगा वाजवायचा' ही पद्धत ऐकायला सोपी आहे, पण मला पटत नाही. काही उतार वर्षानुवर्षं थोडेथोडे सरकत राहतात आणि कोसळत नाहीत. तिथे असा भोंगा सारखाच वाजेल, आणि चौथ्यांदा कोणी घराबाहेर येणार नाही. बघायचा तो वेग. जपानी संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडलेली युक्ती अगदी साधी आहे: १ भागिले वेग ही संख्या वेळेसमोर मांडत जायची. उतार कोसळायच्या बेतात असेल तर हा आलेख बऱ्याचदा जवळपास सरळ रेषेत शून्याकडे उतरतो. रेषा पुढे शून्यापर्यंत वाढवली की कोसळण्याची अंदाजे वेळ मिळते. अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत एप्रिल २०१३ मध्ये प्रचंड दरड कोसळली, यंत्रं गाडली गेली, पण माणूस एकही दगावला नाही. रडारने हालचाल आधीच टिपली होती आणि लोक वेळेत हलवले होते.

मात्र हे सगळं हळू सरकणाऱ्या, खोलवरच्या दरडींसाठी. मुसळधार पावसात वरचा मीटर-दोन मीटर मातीचा थर सुटतो तेव्हा आलेख काढायला वेळच मिळत नाही, हालचाल दिसेपर्यंत चिखल खाली आलेला असतो. तिथे मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर आणि पर्जन्यमापक हेच कामाचे. म्हणजे पर्जन्यमापकाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे!