मदत हवी आहे: ‘रिव्हेन’मधील रंगीत गोट्यांचे कोडे आणि बेटांच्या अस्थिरतेचे कारण

सप्रेम नमस्कार.

‘सायन’ या अमेरिकन कंपनीचा ‘रिव्हेन’ हा १९९७ सालचा खेळ मी सध्या खेळत आहे आणि एका ठिकाणी अडलो असल्यामुळे जाणकारांचे साहाय्य हवे आहे. याच खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती २०२४ साली आली असून तिच्यात काही कोडी बदलली आहेत. माझा प्रश्न पाच सीडींवर आलेल्या मूळ आवृत्तीविषयी आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. थेट उत्तर देऊ नये, कोठे पाहावे एवढेच सुचवावे, आणि खेळाचा शेवट उघड करू नये ही विनंती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ‘मिस्ट’ या १९९३ सालच्या खेळापासून सुरू झालेल्या या कथाविश्वात, विशिष्ट लिपीत आणि विशिष्ट शाईने एखाद्या जगाचे वर्णन लिहिले की त्या ग्रंथावर हात ठेवून त्या जगात जाता येते. ही विद्या दनी नावाच्या लोकांची आहे. अशा प्रत्येक जगाला खेळात ‘एज’ म्हणतात. रिव्हेन हे गेन नावाच्या माणसाने लिहिलेले पाचवे एज असून तेथे पाच बेटे आहेत. गेनच्या मुलाने, म्हणजे ऍट्रसने, बापाला तेथेच अडकवून ठेवले आहे. ऍट्रसची पत्नी कॅथरीनही आता गेनच्या कैदेत आहे आणि तिची सुटका करण्यासाठी खेळाडूला पाठवले जाते.

आता अडचण सांगतो. जंगलाच्या बेटावरील वस्तीतल्या शाळेत मुलांना अंक शिकवण्याचे एक खेळणे आहे. त्यावर एकापासून दहापर्यंतचे अंक कळतात आणि त्यापुढचे तर्काने काढावे लागतात. एक ते चार या चिन्हांना काटकोनात फिरवले की पाच, दहा, पंधरा आणि वीस होतात, ही रचना कळल्यावर मला फार आनंद झाला. त्या आधारे गेनच्या प्रयोगशाळेतील रोजनिशीत दिलेला पाच अंकांचा संकेत मी वाचला आणि फिरता घुमट थांबवून उघडलाही. मात्र आतील लिंकिंग बुक, म्हणजे हात ठेवून दुसऱ्या जगात नेणारा ग्रंथ, निर्जीव आहे. त्याला लागणारी ऊर्जा मंदिराच्या बेटावरील मोठ्या सोनेरी घुमटातून मिळत असावी, असे दिसते. तेथे २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ छिद्रांची जाळी आणि सहा रंगांच्या गोट्या आहेत. कोणती गोटी कोणत्या छिद्रात ठेवायची, हे कोठून कळते?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रिव्हेनची बेटे एकमेकांपासून दूर जात आहेत आणि हे जग ढासळत आहे, असे ऍट्रसच्या रोजनिशीत वारंवार येते. तो स्वतः न येता दूर बसून रिव्हेनच्या वर्णनग्रंथात सतत दुरुस्त्या करीत राहतो, कारण तो थांबला तर हे जग टिकणार नाही. या ढासळण्याचे कारण गेनचे सदोष लेखन आहे, की त्याने तेथे केलेली तोडफोड? आणि दुरुस्ती करायचीच आहे, तर ऍट्रस ती एकदाच, पुरेशी मोठी का करीत नाही?

प्रतिसाद

गोट्यांचे कोडे दोन भागांत विभागून घ्यावे. जागा एकीकडे कळते आणि रंग दुसरीकडे, पण दोन्हींसाठी आपल्याला सर्वेक्षणाच्या बेटावर जावे लागेल. तेथे पाचही बेटांचा नकाशा आहे आणि त्याचे चौकोन निवडले की त्या भागाचा उंचसखलपणा समोर उभा राहतो. प्रत्येक बेटावर गेनचा एक फिरता घुमट आहे, तो नकाशात शोधावा आणि वहीत चौकटी आखून त्याची जागा टिपून घ्यावी. कागद घेतल्याशिवाय या कोड्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगांसाठी त्याच बेटावर पाण्याखाली उतरणारी खुर्ची आहे. तेथील प्रत्येक चिन्हाचे बटण दाबल्यावर बाहेर कोणता दिवा लागतो हे पाहावे आणि प्रत्येक घुमटाजवळच्या दुर्बिणीसारख्या यंत्रात दिसणारे चिन्ह आठवावे. लाल दिवा लावल्यावर काचेपलीकडे कोण येते, तेही थांबून पाहण्यासारखे आहे. एक दिवा लागत नाही. ते आपल्या संगणकाचे बिघडणे नाही, तसेच रचलेले आहे. उरलेल्या दोन रंगांपैकी एक वापरून पाहावा, नाही जमले तर दुसरा.

आणखी एक प्रतिसाद

अस्थिरतेच्या प्रश्नाविषयी लिहितो. माझ्या मते मूळ दोष लेखनातच आहे. गेनला ही विद्या पूर्णपणे आत्मसात झालेली नाही. जुन्या दनी ग्रंथांतील वाक्ये उचलून तो एकापुढे एक जोडतो, पण त्या वाक्यांनी मिळून जे जग उभे राहते त्यातील खडक, पाणी, हवा आणि उष्णता एकमेकांशी जुळतात की नाही, याचा विचार तो करीत नाही. रिव्हेनचे पाणी उष्णतेपासून दूर सरकते, हे आपण पाहिलेच असेल. ते विलोभनीय आहे, पण अशा विलक्षण गोष्टी एकत्र आणल्यावर त्यांचा परस्परांवर काय परिणाम होईल, हे पाहणारा लेखक तेथे नव्हता.

तोडफोडीने भर पडली हे खरे. कैदेच्या बेटावर उरलेला प्रचंड बुंधा आपल्याला दिसला असेल. गेनने झाडे तोडून, लगदा शिजवून ग्रंथांसाठी कागद बनवला. तरीही त्याची लिंकिंग बुके इतकी दुबळी झाली, की त्यांना बाहेरून ऊर्जा द्यावी लागते. आपण ज्या गोट्यांच्या कोड्यात अडला आहात, ते त्याच्या या अपुऱ्या विद्येतून निर्माण झालेले आहे. म्हणून आपले दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

मोठ्या दुरुस्तीविषयी: या कथाविश्वात ग्रंथ जग निर्माण करीत नाही, अगोदरच असलेल्या जगाकडे वाट उघडतो, अशी दनी लोकांची धारणा आहे. लेखनात परस्परविरोधी मोठा बदल केला, तर ग्रंथाची वाट तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जगाकडे वळते आणि पहिल्या जगातील माणसे आहेत त्या संकटात राहतात. रिव्हेनमध्ये कॅथरीन आहे आणि तेथील रहिवासीही आहेत. त्यामुळे ऍट्रसला लहान लहान दुरुस्त्यांवरच भागवावे लागते. गेन मात्र स्वतःला या जगांचा निर्माता मानतो आणि रहिवाशांशी त्याच तोऱ्यात वागतो.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नकाशावरून पाचही घुमटांच्या जागा मिळाल्या आणि न लागणाऱ्या दिव्याच्या बाबतीत दुसरा रंग योग्य ठरला. लिंकिंग बुक आता उघडते.

अस्थिरतेविषयीचे विवेचन वाचल्यानंतर मी ऍट्रसची रोजनिशी पुन्हा वाचली, तेव्हा त्याच्या दुरुस्त्या इतक्या सावध का आहेत हे पटले. पहिल्या वाचनात मला ती त्याची भित्री वृत्ती वाटली होती. एक शंका मात्र राहिली आहे. मंदिराच्या बेटावर लोखंडी झाकणाखाली ताऱ्यांनी भरलेली जी भेग आहे, ती या ढासळण्याचाच भाग आहे, की तिचे मूळ वेगळे आहे? शेवट न सांगता याचे उत्तर देणे शक्य असेल, तर कृपया द्यावे. अन्यथा मी खेळ पूर्ण करून याच धाग्यावर परत विचारीन.