वापरलेल्या चॉपस्टिक्सचं काय करावं? मदत हवी आहे

मंडळी, नागपूरच्या धरमपेठेत माझं नूडल्स-मोमोचं छोटं दुकान आहे. रोज साठ-सत्तर जोड्या बांबूच्या चॉपस्टिक्स एकदा वापरून कचऱ्यात जातात. गाडीवाला त्या ओल्या कचऱ्यात घेत नाही, आणि तेल-सॉस लागलेलं म्हणून सुक्यातूनही बाजूला काढतो. शेवटी भांडेवाडीचा कचरा डेपोच. तिथला ढीग आधीच केवढा आहे, आपण सगळे पाहतो.

घरच्या खताच्या ड्रममध्ये मूठभर टाकून पाहिल्या. चार महिन्यांत भाजीच्या काड्या, सालं सगळ्याची माती झाली, या मात्र जशाच्या तशा. बारीक तुकडे केले तर कुजतील का? की भुसाच करावा लागेल? शिवाय काही काड्या पांढऱ्या दिसाव्यात म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात. असं खत मेथीच्या कुंडीला घालावं का?

चीनने २००६ मध्ये लाकडी डिस्पोजेबल चॉपस्टिक्सवर ५ टक्के कर लावला होता, झाडं वाचावीत म्हणून. मीही स्टीलच्या आणल्या, पण नूडल्स निसटतात म्हणून गिऱ्हाईक काटाच मागतं. मग सरळ काटाच ठेवावा का?

नागपुरात कुणी लाकडाच्या भुशापासून ब्रिकेट (भुसा दाबून केलेले जळणाचे ठोकळे) करत असेल तर कृपया सांगा. काड्या धुऊन, वाळवून, पोत्यात भरून मी स्वतः आणून देईन.