नायक, वीर की मुख्य पात्र? फँटसी मालिकेतल्या 'हिरो'साठी नेमका शब्द

पाच भागांच्या एका फँटसी कादंबरीमालिकेचा मराठी परिचय लिहायचा आहे. इंग्रजी मजकुरात मुख्य पात्राचं वर्णन 'हिरोइक प्रोटॅगनिस्ट' असं आहे. 'वीर नायक' लिहिलं तर पौराणिक नाटकाची जाहिरात वाटते. 'शूर मुख्य पात्र' तर कानाला बोचतंच. 'कथानायक', 'चरित्रनायक', 'महानायक' हेही पर्याय पुढे आले आहेत. यांत फरक काय? शिवाय दोन अडचणी आहेत. तिसऱ्या भागात हा मुलगा राजा होतो, तिथून पुढे 'तो' लिहायचं की 'ते'? आणि चौथ्या भागात कथेची सूत्रं त्याच्या बहिणीकडे जातात. तिला काय म्हणावं?

० ० ०

आधी इंग्रजीतले दोन शब्द सुटे करू, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. 'प्रोटॅगनिस्ट' हा मूळचा ग्रीक रंगभूमीवरचा शब्द, अर्थ पहिला नट. दुसरा आणि तिसरा नट यांनाही तिथे अशीच क्रमवार नावं होती. म्हणजे हा शब्द फक्त स्थान सांगतो. माणूस चांगला की वाईट याच्याशी त्याला कर्तव्य नाही. 'हिरो' हाही ग्रीकच, पण त्याला देवांश असलेल्या, मेल्यावर पुजल्या जाणाऱ्या पुरुषाचा वास आहे. तो गुण सांगतो.

मराठी 'नायक' संस्कृत 'नी' या धातूपासून आला. नी म्हणजे नेणे, म्हणून नायक म्हणजे नेणारा. नेता, विनायक, सेनानायक ही त्याच घरातली मंडळी, आणि सैन्यातल्या हुद्द्याचा 'नाईक' हे त्याचंच झिजलेलं रूप. गंमत अशी की आपला 'नायक' स्थान आणि गुण दोन्ही थोडे थोडे सांगतो. संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाच्या अंगी विनय, त्याग, दक्षता, गोड बोलणं असे गुण गृहीतच धरले होते. म्हणून 'शूर नायक', 'वीर नायक' वाचताना एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटते. नुसतं 'नायक' लिहिलंत तरी 'हिरोइक'चं निम्मं काम होतं.

'चरित्रनायक' मात्र चालणारच नाही. मराठीत चरित्र म्हणजे जीवनवृत्तांत, आणि चरित्रनायक म्हणजे ज्याचं चरित्र लिहिलं आहे तो खराखुरा माणूस. ही चूक हिंदीतून येते, तिथे 'चरित्र' पात्रालाही म्हणतात. 'कथानायक' निर्दोष आहे, पण समीक्षेतला आहे; मलपृष्ठावर थंड वाटतो. 'महानायक' सिनेमानटांनी आणि पुढाऱ्यांनी वापरून संपवला.

० ० ०

वरच्या 'गुण गृहीत धरले होते' याला थोडी जोड. १०व्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात नायकाचे चार प्रकार आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. उदाहरणं नेहमीची: धीरोदात्त राम, धीरललित वत्सराज उदयन, धीरप्रशांत म्हणजे 'मृच्छकटिका'तला चारुदत्त, धीरोद्धत परशुराम किंवा भीम. चारही नावांत 'धीर' आहे हे सहसा नजरेतून सुटतं. स्थिरबुद्धी ही सगळ्यांची सामायिक अट. पुढचा अर्धा शब्द फक्त स्वभावाचा रंग सांगतो.

फँटसी मालिकेला यातलं 'धीरोदात्त' सर्वांत जवळचं, आणि त्याची व्याख्या आजही उपयोगी आहे: 'महासत्त्वोऽतिगम्भीरः क्षमावानविकत्थनः' (मोठ्या मनाचा, अतिशय गंभीर, क्षमाशील, अविकत्थन). 'अविकत्थन' म्हणजे स्वतःच्या तोंडाने बढाई न मारणारा. पुढे 'निगूढाहंकार' असंही विशेषण येतं. अहंकार नाही असं नव्हे, तो विनयाखाली झाकलेला आहे. पात्राचं हे वर्णन किती नेमकं आहे! धीरोद्धताला याच ग्रंथात 'विकत्थन' म्हटलं आहे, म्हणजे दोघांमधली एक सीमारेषा बढाईवरून आखलेली आहे. पहिल्या भागात तावातावाने सूड घ्यायला निघालेला आणि शेवटच्या भागात शत्रूला क्षमा करणारा मुलगा असेल, तर परीक्षणात 'धीरोद्धताचा धीरोदात्त होतो' असं एका ओळीत लिहिता येईल. मलपृष्ठावर नको. तिथे 'धीरोदात्त' हा शब्द परीक्षेच्या पेपरासारखा दिसतो.

जाता जाता: कादंबरी या शब्दालाच फँटसीचं मूळ आहे. ७व्या शतकातल्या बाणभट्टाच्या ज्या कथेवरून आपण हा शब्द उचलला, तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. तिथला नायक मुळात चंद्र, मग चंद्रापीड, मग शूद्रक राजा. शिवाय गोष्ट सांगायला एक पोपट. त्यामुळे 'फँटसी कादंबरी' या जोडीला कुणी परकं म्हणू नये.

० ० ०

शास्त्र ठीक आहे, पण आजच्या वाचकाच्या कानात 'वीर' कसा वाजतो तेही बघा. समासात शेवटी आला की तो बहुतेक वेळा टोमणा असतो: वाचाळवीर, भाषणवीर. साहित्यशास्त्रातले दानवीर, धर्मवीर, दयावीर, युद्धवीर हे वीररसाचे गंभीर प्रकार, पण त्यांच्याच साच्यात नवा शब्द ओतला की तो हमखास उपहासाचा होतो. समासाच्या सुरुवातीला आला की उलट, तिथे मरण जवळ असतं: वीरमरण, वीरगती, वीरगळ, वीरपत्नी. जिवंत, तरुण, पाच भाग टिकायच्या पात्राला या दोन्ही बाजू त्रासदायक.

'पराक्रम' आणि 'प्रताप' यांचंही तसंच. 'त्याचे पराक्रम कळले' असं अनेकवचनात लिहा, वाचक हसतो. 'पराक्रम गाजवला' एकवचनात शाबूत आहे. 'प्रताप' तर 'हा कुणाचा प्रताप?' या प्रश्नातच जास्त राहतो. 'हिरो'ला बोलण्यात 'स्वतःला फार हिरो समजतो' आणि 'हिरोगिरी' यांनी घेरलंय. 'बहाद्दर' तर आता चेष्टेपुरताच उरलाय.

साधा 'शूर' अजून स्वच्छ आहे. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे तो लिंगवचनाने बदलत नाही: शूर मुलगा, शूर मुलगी, शूर माणसं. 'धाडसी' म्हणजे जोखीम घेणारा, 'धीट' म्हणजे न बुजणारा, 'निर्भय' म्हणजे भीतीच नसलेला. 'निडर' हिंदीकडून आलाय, मराठीत 'बेडर' आहेच. फँटसीतलं पात्र भीती वाटूनही पुढे जात असेल, आणि बरं लिहिलेलं असेल तर तसंच असतं, तर 'निर्भय' आणि 'बेडर' सरळ चुकीचे. 'शूर' भीतीला जागा ठेवतो.

० ० ०

'मुख्य पात्र' का बोचतं, याचं कारण शब्दाच्या अर्थामध्ये नाही, व्याकरणात आहे. पात्र नपुंसकलिंगी, व्यक्तिरेखा स्त्रीलिंगी, नायक पुल्लिंगी. क्रियापद नामाच्या मागे जातं. परिणाम पाहा:

मुख्य पात्र तलवार उपसतं आणि तो दरवाजाकडे धावतो.
मुख्य व्यक्तिरेखा घोड्यावर बसते आणि त्याचा भाऊ मागे राहतो.

दोन्ही वाक्यं अर्ध्यात लिंग बदलतात. परीक्षणांत ही चूक पानोपानी दिसते. उपाय सोपा आहे: 'पात्र' आणि 'व्यक्तिरेखा' हे शब्द पात्राविषयी बोलताना वापरावेत (पात्र सपाट आहे, व्यक्तिरेखा हळूहळू उलगडते), पात्राने केलेली कृती सांगताना त्याचं नाव किंवा 'नायक' वापरावा. शिवाय बोलण्यात 'काय पात्र आहे!' म्हणजे विक्षिप्त माणूस, तो धोका आहेच.

लेखनाच्या नेहमीच्या चुका इथेच नोंदवतो. योद्धा हा शब्द द आणि ध यांचा: योद्धा, योद्ध्याने, अनेकवचन योद्धे. 'योध्दा' चूक. अद्भुत यात भु ऱ्हस्व. भाकीत, पण भाकितात, भाकिताने. संबोधनात वीरांनो, योद्ध्यांनो. 'नो'वर अनुस्वार नाही. एकवचनी हाक 'वीरा!', आणि तीही फार तर एखाद्या वृद्ध जादूगाराच्या तोंडी.

० ० ०

बहिणीचा प्रश्न सगळ्यांनी टाळला आहे. 'नायिका' व्याकरणाने बरोबर, पण शब्दाचा इतिहास अडचणीचा. शास्त्रातल्या अष्टनायिका, म्हणजे वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनपतिका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका, या आठही जणींची व्याख्या प्रियकराशी असलेल्या नात्यावरून केली आहे. नायक स्वभावाने ओळखला जातो आणि नायिका प्रियकर आला की नाही यावरून! सिनेमाने तेच चालू ठेवलं. त्यामुळे 'चौथ्या भागात नायक आणि नायिका' असं लिहिलंत तर वाचक दोघांना जोडपं समजणार, आणि इथे ती भावंडं आहेत. 'चौथ्या भागाची नायिका त्याची धाकटी बहीण' अशी मांडणी केली की घोळ मिटतो. षष्ठी विभक्तीने नायिका भागाची होते, नायकाची नाही.

'वीरांगना' श्रद्धांजलीतला शब्द, 'रणरागिणी' मथळ्यातला. 'योद्धा'चं स्त्रीलिंग संस्कृतात योद्ध्री, पण ते मराठीत चाललं नाही. 'ती योद्धा आहे' असंच लिहावं.

० ० ०

'तो' की 'ते' याबद्दल: निवेदकाचा सूर पाचही भागांत 'तो'च ठेवावा. 'राम वनात गेला' असं आपण देवालाही एकवचनीच सांगतो. राज्याभिषेक झाल्यावर निवेदनात 'ते म्हणाले' आलं की वाचक पात्रापासून दहा हात मागे सरकतो, आणि कादंबरी ऐतिहासिक वाटू लागते. बदल संवादांत करावा. जो सेनापती पहिल्या भागात 'तू' म्हणत होता तो आता 'आपण' म्हणतो. बहीण मात्र 'तू'च म्हणते. इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'यू' आहे, त्यामुळे कोण कधी 'तू' वरून 'आपण'वर गेला याची यादी अनुवादाआधीच करून ठेवावी. नाहीतर तिसऱ्या भागाच्या मध्यावर एकच माणूस एका पानात दोन्ही वापरतो.

बाकी तीन शब्द थोडक्यात. भविष्यवाणीने निवडलेल्या मुलाला 'नियोजित' म्हणू नका, तो लग्नाच्या बोलणीतला शब्द आहे. 'अवतारी' धार्मिक होतो. 'ज्याच्याविषयी भाकीत होतं तो मुलगा' असं फोडून लिहिणंच बरं. (दैवी आवाजाला 'आकाशवाणी' म्हणायची सोय तर रेडिओने कधीच काढून घेतली.) 'अँटिहिरो'साठी 'प्रतिनायक' वापरताना जपून: शास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू, आजच्या समीक्षेत काही जण तो नायकपण नाकारणाऱ्या नायकासाठी वापरतात. पहिल्यांदा येईल तिथे कोणता अर्थ ते सांगून टाकावं. आणि 'धारातीर्थी पडला' हा प्रयोग फक्त शस्त्राने आलेल्या मरणाला. धार म्हणजे पात्याची धार. जादूने जळून मेलेल्याला तो लागत नाही.

० ० ०

मग परिचयाची ओळ? 'या मालिकेचा वीर नायक आपल्या पराक्रमाने अंधाराच्या शक्तींशी झुंजतो' यात मुलाबद्दल काहीच कळत नाही, आणि 'अंधाराच्या शक्ती' इंग्रजीच्या जशाच्या तशा आल्या आहेत. त्यापेक्षा:

'पाच भागांच्या या मालिकेचा नायक एका लोहाराचा मुलगा आहे. तलवारी घडवणं त्याला येतं, चालवणं नाही. पहिल्या भागात तो बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघतो, तिसऱ्यात ज्याला मारायचं त्याच्याच गादीवर बसतो, आणि चौथ्यात त्याने सोडलेलं युद्ध त्याची बहीण हाती घेते.'

'नायक' एकदाच, 'शूर' एकदाही नाही. अविकत्थन परिचयालाही लागू आहे.

० ० ०

ओळ चांगली आहे, फक्त 'सोडलेलं युद्ध' म्हणजे सुरू केलेलं की अर्धवट टाकलेलं? बाण सोडतात तेव्हा सुरुवात होते, काम सोडतात तेव्हा शेवट. 'अर्धवट टाकलेलं' लिहा.