शेजाऱ्याचा कॅमेरा आमच्या न्हाणीकडे तोंड करून आहे. काढायला लावता येतो का?

सांदवाडी७ विचारतात:

दीड हजार वस्तीचं गाव, जिल्हा यवतमाळ. घरामागे सांदवाडी, तिथेच हापशी आणि न्हाणी. न्हाणीला सात फुटी भिंत, एका बाजूला टिनाचं दार, वर उघडं. शेजारच्यांनी नवीन स्लॅब टाकला आणि जिन्याच्या खोलीच्या कोपऱ्यावर कॅमेरा बसवला. पांढरा, गोल, फिरणारा वाटतो. त्यांचं कारण खोटं नाही. विहिरीवरच्या मोटारीचं केबल, गाडीतलं पेट्रोल, कोठ्यातल्या बकऱ्या, सगळं चोरीला जातं. पण घरातल्या बायका आता पहाटे अंधारातच आंघोळ उरकतात.

कायद्याने काय करता येतं? तक्रार ग्रामपंचायतीत द्यायची की ठाण्यात? शेजाऱ्याचा धुराही (शेताचा बांध) आमच्या वावराला लागून आहे, त्यामुळे संबंध तोडायचे नाहीत.

तारजोडणी:

ताई, पहिले ते अंधाराचं. अंधारात आंघोळ करून काहीच फायदा नाही. या कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड दिवे असतात. साधा घरगुती कॅमेरासुद्धा काळ्याकुट्ट रात्री २०-३० मीटरपर्यंत पाहतो, फक्त चित्र काळं-पांढरं येतं. खात्री करायची असेल तर रात्री मोबाईलचा सेल्फी कॅमेरा त्याच्याकडे धरा. बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपके चमकताना दिसतील. नुसत्या डोळ्यांनी अंधुक लाल दिसले तर दिवे ८५० नॅनोमीटरचे. ९४० चे असतील तर डोळ्यांना काहीच दिसत नाही.

दुसरं म्हणजे, कॅमेरा कुठे पाहतो हे खालून पाहून कळत नाही. २.८ मिमीची लेन्स आडवी जवळपास १०० अंश पाहते, ४ मिमीची ८० च्या आसपास, ६ मिमीची ५०. म्हणजे २.८ वाल्याचं तोंड रस्त्याकडे असलं तरी तुमची सांदवाडी चित्राच्या कोपऱ्यात येऊ शकते. आणि तोंड तुमच्याकडे असलं तरी भिंत आड आल्यामुळे न्हाणीच्या आतलं काहीच दिसत नसेल, असंही होतं.

हिशेब घरीच करा. समजा कॅमेरा जमिनीपासून २२ फुटांवर आहे, तुमच्या न्हाणीची त्या बाजूची भिंत त्याच्यापासून ३० फूट लांब आहे आणि भिंत ७ फूट उंच आहे. नजरेची रेघ ३० फुटांत १५ फूट उतरते, म्हणजे फुटामागे अर्धा फूट. न्हाणी आतून ५ फूट असेल तर ती रेघ समोरच्या भिंतीवर ७ वजा अडीच, म्हणजे साडेचार फुटांवर टेकते. त्याच्या वरचं सगळं दिसणार. हेच अंतर १५ फूट असेल तर रेघ थेट २ फुटांवर टेकते, म्हणजे जवळपास सगळंच दिसलं. ३० फुटांवाल्या हिशेबात त्या एका बाजूची भिंत टिन लावून २ फूट वाढवली तर रेघ पावणेसात फुटांच्या वरच राहते आणि प्रश्न मिटतो. टिनाचा खर्च कॅमेरावाल्याने द्यावा, असं माझं मत. नजर त्याची वाढली, भिंत तुम्ही का वाढवायची?

फिरणाऱ्या कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. त्यात ऑटो ट्रॅकिंग चालू असेल तर माणूस हलला की कॅमेरा त्याच्या मागे फिरतो. हापशीवर कोणी आलं की तो वळणारच. शिवाय लाईन जाऊन परत आली की बहुतेक फिरते कॅमेरे एकदा पूर्ण गोल फिरून आपली जागा शोधतात. आपल्याकडे लाईन दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. स्लॅबवर फिरता कॅमेरा लावूच नये. चोरीसाठी दाराकडे आणि कोठ्याकडे तोंड केलेले दोन स्थिर बुलेट कॅमेरे (नळीसारखे, न फिरणारे), ४ किंवा ६ मिमीचे, ८-१० फुटांवर लावावे. २२ फुटांवरून चोराची टोपी दिसते, तोंड नाही.

काळाकोट_विदर्भ:

कायद्याचं बोलतो.

स्वतःच्या घरावर कॅमेरा लावायला कोणाची परवानगी लागत नाही. तो उतरवा असा हुकूम द्यायचा थेट अधिकार ग्रामपंचायतीकडे नाही, त्यामुळे तिथे अर्ज देऊन पोच मिळेल, कॅमेरा हलणार नाही. २०२३ चा डिजिटल विदा (डेटा) संरक्षण कायदाही इथे कामाचा नाही. व्यक्तीने घरगुती वापरासाठी केलेलं चित्रण त्यातून वगळलेलं आहे.

कामाचं आहे भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. आपल्याला कोणी पाहत नाही असं बाई जिथे गृहीत धरते, अशा ठिकाणी तिच्या खाजगी कृतीकडे पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं शिक्षा आणि दंड, पुन्हा केलं तर ३ ते ७ वर्षं. चित्रण दुसऱ्याला पाठवलंच पाहिजे अशी अट नाही, नुसतं पाहणंही त्यात येतं. जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई: जाणूनबुजून गुप्तांगांचं चित्र घेणं किंवा पसरवणं, ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मात्र नुसतं 'तोंड आमच्याकडे आहे' एवढ्यावर ७७ उभं राहत नाही. स्क्रीनवर न्हाणीचा आतला भाग दिसतो का, हाच पहिला प्रश्न आहे. दिसत असेल, तुम्ही सांगितलं असेल आणि तरी त्याने तसंच ठेवलं, तर 'मला माहीत नव्हतं' हे त्याला म्हणता येणार नाही. म्हणून सांगितल्याचा माग ठेवा: तारीख टाकलेलं साधं पत्र, एक प्रत स्वतःकडे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

दिवाणी मार्गही आहे, मनाई हुकुमाचा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १८ मध्ये जवळजवळ हाच दाखला आहे: शेजाऱ्याच्या घराचा जो भाग एरवी नजरेआड असतो तो दिसेल अशी नवी खिडकी उघडायची नाही, असा स्थानिक रिवाज असेल तर त्याला कायद्याचं बळ मिळतं. हा कायदा मध्य प्रांतात पहिल्यापासून लागू होता, म्हणजे नागपूर-वर्धा पट्ट्याला तो काही नवा नाही. अडचण एवढीच की रिवाज पुराव्याने सिद्ध करावा लागतो.

वाटणी झालेल्या वाड्यात राहणाऱ्यांसाठी अजून एक. एकाच घरातल्या भावाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवण्याला कलकत्ता उच्च न्यायालयाने मनाई केली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही. वेगळ्या घराच्या शेजाऱ्याला तो निकाल जसाच्या तसा लागत नाही, पण वकिलाच्या हाती असलेला बरा.

आणि पोरांना आवरा. गोटा मारून काच फोडली किंवा लेझर मारून सेन्सर जाळला तर न्याय संहितेचं कलम ३२४, नुकसानीचा गुन्हा. फिर्यादीचे आरोपी व्हाल, आणि कॅमेऱ्यात तेवढंच स्पष्ट आलेलं असेल.

बंडीवाला:

वकीलसाहेबांचं सगळं बरोबर हाय, पण पयल्याच दिवशी ठाण्याचं नाव काढलं का मंग शेजारी आडवाच होते. बायकांच्या गोष्टीले बाईनंच तोंड फोडा लागते. तुमच्या घरच्या मोठ्या बाईनं त्यांच्या घरच्या मोठ्या बाईले जाऊन म्हणावं, 'बाई, तुमच्या टीव्हीत आमची न्हाणी दिसते का, मले दाखवा.' बस. माणसं माणसांत बोलाले बसले का लगेच धुरा निंघते, पाण्याची पाळी निंघते, मांगच्या निवडणुकीत कोन कोनाच्या मांगं होतं थेही निंघते, अन् कॅमेरा ऱ्हाते तिथंच.

पत्र देऊन ठेवा म्हनतात थे दुसऱ्या खेपेले. पयल्या खेपेले नाही.

अन् हे तंटामुक्तीत नेऊ नका. २००७ पासून समित्या हायत, बांधाचे-वाटेचे वाद तिथं चांगले मिटतात. पन आठ-दहा माणसाईसमोर कोनाची न्हाणी कुठून कशी दिसते याची चर्चा होनं, हे कॅमेऱ्यापेक्षा बदतर.

काळाकोट_विदर्भ:

तंटामुक्तीबद्दल सहमत, आणि त्याला कायदेशीर कारणही आहे. ७७ चा गुन्हा घडलाच असेल तर तो समितीने आपसात मिटवायचा विषय नाही. मोठ्या बाईचा मार्गही आधी करून पाहावा. फक्त तो आठ दिवसांत झाला पाहिजे. 'दिवाळीनंतर पाहू' म्हणाले तर पत्र.

स्लॅबवरून:

कॅमेरावाल्याची बाजूही ऐका. कॅमेरा बंद ठेवा असं सांगणाऱ्यांच्या घरीच चोरी झाली की फुटेज मागायला पहिले तेच येतात. माझं म्हणणं: कॅमेरा राहू द्या, पण किती दिवसांचं साठवतो हे शेजाऱ्याला सांगा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटवर चालवला तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी खातो. चार कॅमेरे आणि १ टीबी हार्डडिस्क म्हणजे साडेअकरा दिवस, मग जुनं आपोआप पुसलं जातं. ६४ जीबीच्या कार्डावर एक कॅमेरा तीन दिवसही पुरा चालत नाही. शेजाऱ्याला वाटत असतं की वर्षभराचं भरून ठेवलंय.

पुरावा म्हणून द्यायचं असेल तर नुसतं मोबाईलवर पाठवलेलं क्लिप चालत नाही. १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) टाकून, दोन भागांत: एक देणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा. म्हणून चोरी झाली की त्याच दिवशी पोलिसांना सांगून ते फुटेज काढून ठेवा. बाराव्या दिवशी काही उरत नाही.

सांदवाडी७:

बाईकडून बाईकडे गेलो, स्क्रीन दाखवली. न्हाणीचा वरचा भाग चित्रात डाव्या कोपऱ्यात खाली येतो. ते म्हणाले, तिथे काळा चौकोन टाकून देतो. कॅमेरा फिरताच निघाला. हा चौकोन विश्वासाचा असतो का? आणि पडद्यावर आवाजही येत होता, हापशीवरचं बोलणं ऐकू येतं.

तारजोडणी:

चौकोन म्हणजे प्रायव्हसी मास्क. स्थिर कॅमेऱ्यात तो चांगला चालतो. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग प्रायव्हसी मास्क, चालू करायचं, बोटाने किंवा माऊसने चौकोन ओढायचा, सेव्ह. रेकॉर्डिंगमध्येही तो भाग काळाच राहतो, नंतर पुसून आतलं काढता येत नाही. आयपी कॅमेरा (नेटवर्कवर चालणारा) असेल तर मास्क कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये टाका. नुसता मोबाईलच्या पडद्यावर दिसणारा चौकोन आत काही झाकत नाही.

पण तुमचा फिरता आहे. स्वस्त फिरत्या कॅमेऱ्यात चौकोन चित्राला चिकटलेला असतो, जागेला नाही. कॅमेरा दहा अंश वळला की चौकोन निंबाच्या झाडावर आणि न्हाणी उघडी. शिवाय ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो चौकोन कधीही काढू शकतो. म्हणून मास्क हा दुसरा उपाय. पहिला उपाय म्हणजे कॅमेराच बदलणं, किंवा त्याला जिन्याच्या खोलीच्या पलीकडच्या अंगाला न्यायचं, म्हणजे भिंतच आड येते. भिंतीला पासवर्ड नसतो.

काही जण कॅमेऱ्याच्या बाजूला पत्र्याची पट्टी ठोकतात. पट्टी काचेच्या पुढे आली की रात्री इन्फ्रारेड तिच्यावर आपटून परत येतं आणि सगळं चित्र दुधासारखं पांढरं होतं. मग मालक चिडून पट्टी काढतो. पट्टी लावायचीच तर कॅमेऱ्यापासून दोन-तीन फूट दूर, स्लॅबच्या कठड्यावर, आतून मॅट काळा रंग देऊन.

आवाज बंद करायला लावाच. ऑडिओ सेटिंगमध्ये माईक बंद करायचा, किंवा 'रेकॉर्ड ऑडिओ' वरची खूण काढायची. चोर पकडायला हापशीवरचं बोलणं लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जे कोणी विचारलं नाही: हे चित्र किती मोबाईलवर जातं? बसवणारा पोरगा घाईत कॅमेरा आपल्याच खात्यावर जोडतो आणि मालकाला नुसता 'शेअर' करून देतो. मालकाला वाटतं कॅमेरा आपला, खातं त्या पोराचं. पुण्यातल्या मुलाकडे, जावयाकडे, चुलतभावाकडे शेअर झालेलं असतं ते वेगळंच. शेजाऱ्याला ॲप उघडायला सांगा, 'डिव्हाइस शेअरिंग' मध्ये नावं मोजा. मालक म्हणून त्यांचंच खातं नसेल तर बसवणाऱ्याकडून कॅमेरा त्याच्या खात्यातून काढून घ्या, मागचं रिसेटचं बटन दहा-पंधरा सेकंद दाबा, नव्याने जोडा, नवा पासवर्ड टाका. बुडाशी चिकटवलेल्या क्यूआर कोडच्या स्टिकरचा फोटो कोणाला पाठवू नका. रिसेट केल्यावर मास्क, माईक, ट्रॅकिंग सगळं मूळपदावर येतं, ते परत बसवायला विसरू नका. हे सगळं दुपारी करा, लाईन असताना.